झाईपासून केळव्यापर्यंत

ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरवर जन्मते आणि त्याच्याकडे पाठ करून थेट बंगालच्या उपसागराची वाट धरते. १४६५ किलोमीटर चालून ती समुद्राला मिळते. आम्ही नाशिककरही तिच्याच वळणावर गेलो. समुद्र म्हटला की आम्हाला अलिबाग आठवतं, गणपतीपुळे आठवतं, चार पैसे जास्त असले तर गोवा. घाट उतरल्यावर सरळ समोर येणारा, खऱ्या अर्थाने आपल्या शेजारचा समुद्र म्हणजे डहाणू-बोर्डीचा. त्याची आठवण आपल्याला उशिरा होते. याच डोंगरात उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला वळते आणि केळव्याच्या खाली, दातिवऱ्यापाशी समुद्राला मिळते. उत्तरेला गुजरातच्या सीमेवरची झाई, दक्षिणेला केळवे आणि दातिवरे, या दोन टोकांमधला किनारा मी लहानपणापासून पाहत आले आहे. तिथल्या गावांचं एकमेकांपासून असलेलं वेगळेपण मी पाहिलं आणि ते हळूहळू पुसट होतानाही पाहिलं.

बोर्डीला माझी आत्या राहायची. तिचे यजमान तिथे शिक्षक. त्यामुळे सत्तरच्या दशकात शाळेला सुट्टी लागली की आमचं बिऱ्हाड सीबीएसवरून डहाणूच्या एसटीत बसायचं. ट्रंक टपावर, पाण्याचा फिरकीचा तांब्या आईच्या हातात, आणि आत्यासाठी घेतलेल्या चिवड्याची पिशवी आमच्या मांडीवर. त्र्यंबक मागे पडलं की रस्ता अरुंद व्हायचा. तोरंगणचा घाट, मोखाडा, मग जव्हार. जव्हारला गाडी बराच वेळ थांबायची. मुकणे राजांचं हे जुनं संस्थान, त्यांचा जयविलास राजवाडा गावाबाहेरच्या टेकडीवर. वडील दर वेळी खिडकीतून तो कुठे आहे ते बोटाने दाखवायचे. पुढे कासा, चारोटी, मुंबई-अहमदाबादचा मोठा रस्ता ओलांडला की हवा बदलायची. घाम चिकट व्हायचा, ताडाची झाडं दिसू लागायची. सकाळी निघालेले आम्ही डहाणूला पोहोचेपर्यंत दुपार कलायची.

आज तेच अंतर, साधारण दीडशे किलोमीटर, मोटारीने चार तासांत कापता येतं. सिंहस्थाच्या निमित्ताने त्र्यंबकच्या बाजूची कामं चालली आहेत, पुढचा रस्ताही पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा आहे. पण एसटीत आमच्या शेजारी बसणारी माणसं मोटारीत नसतात. मोखाडा-जव्हारची आदिवासी कुटुंबं कामासाठी निघालेली असायची, गाठोडी आणि पोरं घेऊन. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा आईला त्या गाडीतल्या बायकांचे चेहरे आठवले होते. या वाटेने समुद्राला जाणाऱ्या माणसाने ही गावं नुसती काचेतून पाहू नयेत असं मला मनापासून वाटतं.

डहाणू हे या पट्ट्यातलं शहर. रेल्वे, बाजारपेठ, कोर्टकचेरी सगळं इथे. स्टेशनला डहाणू रोड म्हणतात, जुनं गाव आणि पोर्तुगिजांच्या काळातला किल्ला खाडीच्या बाजूला. समोरच्या तीरावर धाकटी डहाणू, मच्छीमारांची वस्ती. नजरेच्या टप्प्यात, पण रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. माझ्या लहानपणीच्या डहाणूत तीन गोष्टी होत्या: गवत, फुगे आणि इराणी. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत इथून जायचं, त्याच्या गंजी स्टेशनच्या आसपास दिसायच्या. रबराचे फुगे बनवणारे कारखाने होते, अजूनही आहेत. महाराष्ट्रात कुठल्याही जत्रेत उडणारा फुगा डहाणूचा असू शकतो हे कळल्यावर आम्हा मुलांना या गावाचा फार अभिमान वाटायचा. आणि इराण्यांच्या वाड्या. इराणी रोडवरून जाताना कुंपणाआडून चिकूची दाट, काळपट हिरवी झाडं दिसायची.

१६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. त्या एका गोष्टीने डहाणूचं वळण बदललं. आधी इथली माणसं शटलच्या वेळा सांभाळून जगत, मुंबईला जाणं म्हणजे काम काढून जाणं असे. आता मुंबईत नोकरी करून रात्री परत येणारी घरं वाढली, इमारती उभ्या राहिल्या, पारनाक्याच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा मिळत नाही. गावाला फायदा झाला यात शंका नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला घर सोडावं लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पारनाक्यालाच जखमी कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. पावसाळ्यात लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडणारी, जाळ्यात पाय गमावलेली कासवं तिथे आणली जातात, बरी झाली की समुद्रात सोडली जातात. नाशिकहून मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी किल्ल्याआधी ते पाहावं.

डहाणूहून उत्तरेला निघालं की आगर, नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी. रस्ता किनाऱ्याला धरून जातो, डावीकडे सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र, उजवीकडे वाड्या. घोलवड आणि बोर्डी तर इतकी जुळी की कुठे एक संपलं ते पाहुण्याला कळत नाही. तिथल्या माणसाला मात्र पक्कं ठाऊक असायचं. घोलवड वाड्यांचं, बोर्डी शाळेचं.

चिकूबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण या गावांचं सारं वर्ष त्याभोवती फिरतं. आत्याच्या शेजारच्या वाडीत वारली बायका आणि गडी भल्या सकाळी तोडणीला लागत. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली, तिने फळ देठासकट अलगद खुडायचं, खाली पडू द्यायचं नाही. पडलेला चिकू आतून काळवंडतो. झाडावर तो बटाट्यासारखा खरखरीत आणि मळकट दिसतो, तिथे पिकत नाही. तयार झाला की नाही हे ओळखायचं नखाने. आत्या देठाजवळ हलकासा ओरखडा काढायची. हिरवी रेघ उमटली तर कच्चा, पिवळसर आली तर उतरवायला हरकत नाही. उतरवलेल्या फळांचा चीक जाऊ द्यायचा, अंगावरचा भुसा धुऊन काढायचा, आकाराप्रमाणे वेगळं करायचं आणि पेट्या भरायच्या. घरच्यासाठी ठेवलेले चिकू पेंढ्यात दडवले जात. आम्ही रोज चाचपून बघायचो. आत्या ओरडायची, "अगं, दाबू नका गं, बोटं उमटतात!" चौथ्या-पाचव्या दिवशी खोलीत गोडसर वास दाटायचा. कालीपत्ती जातीचा, साखरेसारखा रवाळ गर असलेला तो चिकू नाशिकच्या मंडईत मिळणाऱ्या चिकूहून वेगळा लागायचा. घोलवडच्या चुनखडीच्या अंशाच्या जमिनीला त्याचं श्रेय दिलं जातं, आणि २०१६ साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आज तिथे चिकूचा महोत्सव भरतो, चिकूच्या चकत्या, लोणचं, मिठाई मिळते, बोर्डीला चिकूपासून वाइनही बनते. द्राक्षाच्या वाइनची सवय असलेल्या आम्हा नाशिककरांना हे ऐकून आनंद व्हावा असंच आहे. पण बागायतदारांशी बोललं की दुसरी बाजू समोर येते. बी पोखरणारी अळी, पावसाळ्यात बुरशीने होणारी फळगळ, तोडणीला मिळेनासे झालेले मजूर. जुनी झाडं उंच गेली आहेत, वर चढणारे हात कमी झाले आहेत. काही वाड्यांमध्ये चिकूखाली आता पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. वाडी विकून इमारत उभी राहण्यापेक्षा हे हजारपटीने बरं. झाड तरी जागेवर राहतं.

बोर्डीची शाळा हा आमच्या घरातला अभिमानाचा विषय होता, कारण ती नाशिकच्याच गोखले एज्युकेशन सोसायटीची. १९१८ साली प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने नाशिकला हं. प्रा. ठा. कॉलेज काढलं ते १९२४ मध्ये. त्याआधी, १९२० मध्ये, समुद्राकाठच्या या खेड्यात सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल उभं राहिलं होतं. एका पारशी दात्या कुटुंबाचं नाव, चालवणारी मराठी संस्था आणि शिकणारी मुलं मराठी, गुजराती, पारशी, वाडवळ, माच्छी अशी सगळी. आचार्य भिसे यांच्यासारखे मुख्याध्यापक तिथे होते. मुंबईची मुलं वसतिगृहात राहून शिकायला बोर्डीला येत. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं तेही इथेच, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. १९५७ मध्ये ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज गावोगाव दिसणारी अंगणवाडी ज्या प्रयोगातून आली तो इथल्या वारली पाड्यांमध्ये झाला. गुरं चारायला नेणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवायची, ही कल्पना या मातीतली. माझ्या लहानपणी कोसबाडचं नाव घरात देवळासारखं घेतलं जाई. सुट्टीत आत्याचे यजमान आम्हाला तिथे पायी घेऊन जात आणि परतताना एक शब्द बोलत नसत. त्यांना मुलांना स्वतः विचार करू द्यायचा असे.

बोर्डीचा समुद्र देखणा म्हणावा असा नाही. वाळू काळसर, पाणी गढूळ. खंबातचं आखात जवळ असल्याने भरती-ओहोटीतलं अंतर फार मोठं. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की त्याचा नुसता आवाज येतो, मागे कडक ओली वाळू उरते आणि तिच्यावर मुलं सायकली चालवतात. आत्याने आम्हाला भरतीची वेळ काढायला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, त्यात थोडं मागेपुढे. पंचांग पाहिल्याशिवाय ती आम्हाला पाण्यावर सोडत नसे. आता तिथी कुणी विचारत नाही. ओहोटीत मोटार वाळूवर खाली नेऊन उभी करणारे आणि भरतीत तिच्यासाठी ट्रॅक्टर शोधणारे पर्यटक मी अलीकडे पाहिले आहेत. सुरूची रांगही पूर्वीइतकी रुंद नाही. काही ठिकाणी मुळं उघडी पडून झाडं आडवी झाली आहेत. तरीही सकाळी साडेसहाला बोर्डीच्या वाळूवर जितकी शांतता मिळते तितकी अलिबागच्या आसपास कुठेही मिळणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

बोर्डीच्या पुढे झाई, महाराष्ट्राचं शेवटचं मच्छीमार गाव. खाडीपलीकडे गुजरात. आत्याची पिढी या सीमेला फारशी जुमानत नसे, कारण उंबरगाव तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. राज्यं झाली तेव्हा त्यातला मोठा भाग गुजरातेत गेला. नातीगोती दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे, बोलताना एका वाक्यात दोन्ही भाषा. उंबरगावला रामानंद सागरांच्या 'रामायणा'चं चित्रीकरण झालं, तेव्हा बोर्डीची पोरं रावण बघायला तिकडे धावत. त्याच वाटेवर संजान, इराणातून आलेले पारशी जिथे उतरले ते गाव. आणि आपल्या बाजूला बारडाच्या डोंगरातली बाहरोटची लेणी, जिथे त्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं जपल्याचं सांगतात. झाईत आज सीमा जास्त जाणवते. पाट्यांची भाषा बदलते, पंपावरचा भाव बदलतो. बोंबील मात्र बांबूच्या वलांडींवर तसेच वाळतात, रांगच्या रांग, तोंडात तोंड अडकवून.

आता दक्षिणेकडे. डहाणूच्या खाडीपलीकडे धाकटी डहाणू, वाढवण, वरोर, चिंचणी आणि खाडी ओलांडली की तारापूर. बोर्डीहून चिंचणी चाळीस किलोमीटरसुद्धा नाही, पण किनाऱ्याची जात वेगळी. वाढवण-वरोरला खडक आहे. ओहोटीत मैलभर काळा, खाचाखोचांचा कातळ उघडा पडतो, त्यात पाण्याची डबकी, डबक्यांत खेकडे, शिंपले, शेवाळ, लहान मासे. बायका टोकदार लोखंडी हत्यार आणि टोपली घेऊन कालवं काढायला जातात. कवच फोडायचं, आतला मऊ जीव अलगद उचलून डब्यात टाकायचा, पुढच्या दगडाकडे सरकायचं. पाणी परत फिरलं की उठायचं. दोन-तीन तासांच्या त्या कामावर घरचं कालवण आणि वर बाजारासाठी काही, असं कित्येक घरांचं चालत आलं. या खडकाळ पट्ट्यात मासे अंडी घालतात, म्हणून इथला मच्छीमार त्याला सोन्याचा पट्टा मानतो. वाढवणच्या समुद्रातलं शंखोदर हे तीर्थही याच कातळावर. शिवाय या गावांत घराघरांत डाय बनवण्याचा उद्योग: दागिन्यांचे नक्षीचे ठसे पोलादात कोरायचे. ओसरीवर बसून भिंग लावून काम करणारे कारागीर मी पहिल्यांदा वरोरला पाहिले. मुंबईच्या बाजारातल्या कित्येक बांगड्या-डुलांची नक्षी इथून गेलेली असते.

चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांतून कळतं की शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ मध्ये, राष्ट्रकूट राजाच्या वतीने संजानच्या या मुलखावर मधुमती नावाचा अरब अधिकारी कारभार पाहत होता. तेव्हापासून हा किनारा दूरच्या गलबतांशी व्यवहार करत आला आहे. त्यामुळे बंदर या कल्पनेचं इथे कुणाला वावडं असण्याचं कारण नाही. प्रश्न आकाराचा आहे.

तारापूरला १९६९ मध्ये देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली. पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. चिंचणीचा किनारा आम्ही पाहिला तेव्हा तिथे सुट्टीच्या दिवशीही मोजकी माणसं असत. आता बोईसरची सगळी वस्ती संध्याकाळी तिथे येते. खाडीच्या पाण्याचा रंग बघून जुन्या मच्छीमारांचे चेहरे उतरतात, आणि त्यांचं दुःख खरं आहे. कारखान्यांनी त्यांच्याच मुलांना पगार दिला हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एका घरात नांदतात.

सातपाटी म्हणजे पापलेट. २०२३ मध्ये पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला तेव्हा सातपाटीत आनंद झाला, पण मोठा पापलेट जाळ्यात कमी येतो आणि लहान पिल्लं जास्त, ही तक्रार तिथे अनेक वर्षांची आहे. शिरगावचा किल्ला ओलांडून माहीम, मग केळवे. इथे वाडवळांच्या वाड्या आणि विड्याच्या पानांचे मळे. केळ, सुपारी, नारळाच्या सावलीत वर चढलेल्या पानवेली, केळीच्या सोपाने हलकेच बांधलेल्या. भर उन्हात आत शिरलं की अंगाला गारवा लागायचा आणि पानांचा तिखटसर वास यायचा. केळवे रोड स्टेशनवरून पानांच्या टोपल्या उत्तरेकडे रवाना होत. एका वाडवळ घरी खाल्लेली उकडहंडी, मातीच्या हंडीत शेंगा-कंद एकत्र शिजवलेली, मला आजही आठवते. आता केळवे म्हणजे मुंबईकरांचा रविवार. शीतलादेवीच्या देवळापासून किनाऱ्यापर्यंत हॉटेलांच्या पाट्या आहेत आणि जेवणात पनीर मिळतं. पानमळे घटले. रोग, मजुरी, भाव, पाणी, कारणं पुष्कळ. पण पर्यटकाने मागितलंच नाही, हेही एक कारण आहे. उकडहंडी विचारली असती तर कुणीतरी केलीच असती.

केळव्याशी तुलना केली की बोर्डी-डहाणूचं हिरवेपण जास्त टिकलेलं दिसतं, आणि ते आपोआप टिकलेलं नाही. डहाणूला औष्णिक वीज केंद्र येऊ घातलं तेव्हा बागायतदार आणि पर्यावरणप्रेमी कोर्टात गेले. केंद्र थांबलं नाही, १९९५ पासून तिथे पाचशे मेगावॅट वीज बनते. पण २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. तालुक्यात उद्योगांना जास्तीत जास्त पाचशे एकर, भोवती २५ किलोमीटरचा संरक्षित पट्टा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि त्याच्या अध्यक्षपदी निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्यांनी हे काम अखेरपर्यंत मन लावून केलं. वीज केंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायचा आदेश या प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला, ती प्रत्यक्षात २००७ मध्ये बसली. आठ वर्षं पाठपुरावा. चिकूच्या वाड्या आज उभ्या आहेत त्यात या कागदांचा आणि त्यांच्यामागे धावलेल्या माणसांचा वाटा आहे. तिथले काही जण या नियमांवर नाराज होते आणि आहेत. कारखाने आले नाहीत, रोजगार आला नाही, असं ते म्हणतात. त्यांच्या मुलांना गाव सोडावं लागलं असेल तर ती नाराजी समजण्यासारखी आहे. माझं मत तरी स्पष्ट आहे: तो निर्णय नसता तर आज बोर्डी आणि बोईसर यांत फरक उरला नसता.

वाढवणला बंदर बांधण्याचा पहिला प्रस्ताव नव्वदच्या दशकातला. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने त्याला नकार दिला. पुढे प्रस्ताव पुन्हा आला, गावांनी वर्षानुवर्षं विरोध केला, मोर्चे काढले, घरांवर काळे झेंडे लावले. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटींसह संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. किनाऱ्याजवळच वीस मीटरची नैसर्गिक खोली आहे, जगातली सर्वांत मोठी जहाजं इथे लागू शकतात, देशाला याची गरज आहे, असं सरकार सांगतं. खोलीचा मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे, आणि कालवं काढणाऱ्या बाईच्या कामाला सातबारा नसतो. तिला भरपाई कशी मोजून देणार, हे अजून कुणी मला समजेल असं सांगितलेलं नाही.

यात आपण नाशिककर परके नाही. या बंदरापासून समृद्धी महामार्गाला इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरजवळ जोडणारा मार्ग आखला आहे. आपला कांदा, आपली द्राक्षं उद्या वाढवणवरून परदेशी जातील. डहाणू-नाशिक रेल्वेची जुनी मागणीही यामुळे पुढे सरकेल. फायदा आपल्याला होणार असेल तर तिथे काय जातं आहे याची माहिती ठेवणं आपल्यावर येतं.

म्हणून नाशिकच्या वाचकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. या थंडीत दोन दिवस काढा आणि जव्हारमार्गे खाली उतरा. एक रात्र बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाडीत राहा आणि मालकाला तोडणी दाखवायला सांगा. दुसऱ्या दिवशी केळव्याच्या दिशेने निघताना चिंचणीच्या अलीकडे वरोरला थांबा. जेवताना त्या गावात जे पिकतं आणि जे सापडतं तेच मागा. मागणी राहिली तर पानमळा आणि उकडहंडी राहील. प्लास्टिक गाडीत परत आणा. आणि वरोरला अष्टमीच्या आसपास दुपारी जा, तेव्हा पाणी उतरलेलं असतं, खडक उघडा असतो, बायका कामावर असतात. भरावाचं काम पुढे सरकेल तसा हा किनारा बदलत जाणार आहे, तेव्हा पुढच्या वर्षावर टाकू नका.